अकरा नंबरचं कुरण

नारिनच्या कचेरीत मार्चमध्येही
खिडकीच्या आतल्या बाजूने बर्फ धरतो.
उलुकमानने पाठवलेली फाइल
मी सकाळपासून सतरा वेळा उघडून पाहिली.
सतरा वेळा तीच चौकट : उघडता येत नाही.
का, म्हणून विचारलं की चौकट मिटते,
जाब विचारल्यावर थोरली जाऊ मिटते तशी.

आधी नावावर संशय घेतला.
किरगीझ अक्षरं काढली, मोकळ्या जागा काढल्या,
‘आजोबांची कुरणं नवीन शेवटची खरी’ याचं
नुसतं ‘कुरण’ केलं.
तरी ढिम्म.

मग फोन.
तो अत-बाशीच्या वरच्या अंगाला,
सिग्नलसाठी खोगिरावर उभा राहून बोलतो.
“किती फायली होत्या तुझ्याकडे?”
“पाच. पण चार अगदीच बारक्या होत्या, ताई.
मोठी होती तेवढी पाठवली.”

घोडं इथे पेंड खात होतं.

मी म्हटलं, अरे, ती भावंडं आहेत.
एकाला आकार ठाऊक,
कुठला आकार कुठून सुरू होतो ते दुसऱ्याला,
तिसऱ्याकडे नावं,
गोल पृथ्वी सपाट कशी केली ते चौथ्याला माहीत,
पाचवं फक्त सांगतं, ही अक्षरं कुठल्या लिपीतली.
एका आडनावाने, एका घरात राहिली
तरच तोंड उघडतात.
तो म्हणाला, “बारक्या मी पुसल्या.
फोन भरला होता.”
पलीकडे घोडा फुरफुरला.

दुसरं भावंड नव्याने घडवता येतं.
सॉफ्टवेअरने जरा विचार केला, घडवलं,
आणि नकाशा उघडला.
निळा. नुसता निळा.
मांबेतालीची कुरणं, सगळीच्या सगळी,
शहात्तर अंश उत्तरेला
बॅरेंट्स समुद्रात रांगेने तरंगत होती.
अक्षांशाच्या खुर्चीत रेखांश बसला होता.
मी एकटीच हसले,
चहा केला, तो प्यायचा विसरले,
आणि बिंदूबिंदूचे दोन आकडे
उचलून आपापल्या जागी ठेवले.

साडेचारला कुरणं डोंगरावर परत आली.
खालच्या कडा नदीला टेकल्या.
एक कोपरा शाळेच्या छपरावर चढला,
तो मी तसाच राहू दिला.

नावं मात्र गेली ती गेली.
फोन आजोबांच्या हातात आला.
मी म्हटलं, एक.
“कारा-बुलाक.”
दोन.
“तुयुक. पुढे वाट नाही म्हणून तुयुक.”
पाचला त्यांनी आत सुनेला हाक मारली.
नऊला नावच नव्हतं.
“तिथे आमची लाल गाय हरवली,” म्हणाले,
तेच लिहिलं.
अकराला थांबले.
“आम्ही चोन-ताश म्हणतो, मोठा दगड.
पलीकडच्या काठचे किझिल-ताश म्हणतात, लाल दगड.
दगड एकच आहे.”
“रकानाही एकच आहे, आजोबा.”
वारा होता, की ते श्वास घेत होते, कळेना.
“उद्या बैठकीला तेही येणार?”
“येणार.”
“मग त्यांचं लिही. ते नकाशात आधी नाव शोधतील.
आम्ही जूनमध्ये आधी मेंढ्या नेऊ.”

मी लिहिलं : किझिल-ताश.
बोटं गार पडली होती, दोनदा चुकलं.

रात्री पाचही भावंडं एका झिपमध्ये बांधली,
खाली ताकीद दिली :
वेगळी करू नकोस, पुसू नकोस, नाव बदलू नकोस.
उलुकमानचा अंगठा आला.
मागोमाग निरोप :
ताई, उघडलं. सगळं दिसतंय.
आजोबा नऊ नंबरवर बोट ठेवून बसलेत,
विचारतात,
अजून मोठं केलं तर गाय दिसेल का.